नवीन शैक्षणिक वर्ष: शाळा विकास आराखड्यात आधी काय मांडायचं? (खान्देशातल्या जि. प. शाळा)

बोरीकाठ

राम राम मंडळी.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. पहिली ते सातवीची शाळा, पट शंभराच्या थोडा वर. १५ जूनला शाळा उघडते, त्याआधी समितीची बैठक आहे आणि त्यात शाळा विकास आराखडा मंजूर करायचाय. मुख्याध्यापकांनी कच्चा आराखडा ग्रुपवर टाकला. स्मार्ट टीव्ही आहे, बोलक्या भिंती आहेत, पेव्हर ब्लॉक आहेत, सीसीटीव्ही आहे. दुसऱ्या नंबरला प्रवेशद्वाराची कमान आहे. कोणत्या वर्गातल्या किती पोरांना वाचता येत नाही, ते शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलंय: 'अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष देणे'.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. वरून जो नमुना येतो तो भरतो बिचारा. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ आणि २२ प्रमाणे आराखडा करायचं काम समितीचं आहे, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. आमच्याकडे प्रत्यक्षात रजिस्टर घरी येतं, आपण सही ठोकतो, रजिस्टर चहा पिऊन परत जातं.

यंदा हे चालवून घ्यायचं नाही असं चार-पाच पालकांनी ठरवलंय. कारण निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेव्हा त्याची मुदत २०२६-२७ ठेवली होती. म्हणजे हेच वर्ष. तिसरी संपताना पोराने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या कळाव्यात, असं त्यात साधं सरळ लिहिलंय. आपल्या तिसरीतली किती पोरं तिथवर पोचली असं मी विचारलं, तर उत्तर आलं, 'अहवाल वर पाठवलाय'. वर म्हणजे कुठे ते देवाला ठाऊक.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात. म्हणजे आमच्या हातात जेमतेम ५० हजार, तेही हप्त्याने.

तुम्ही असता तर वरच्या तीन जागी काय लिहिलं असतं? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडच्यांनी सांगा. शिक्षक असाल तर मोकळेपणाने सांगा, नाव कोणी विचारत नाही.

केळीबाग

रावेरकडून बोलतोय. आमच्या पट्ट्यात खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या सकाळी गावोगाव फिरतात आणि जि. प. शाळेच्या दारावरूनच पोरं उचलून नेतात. माझीही दोन्ही त्याच गाडीत बसतात, लपवायचं काय. आराखड्यात पहिल्या जागी 'शिक्षक', दुसऱ्या जागी 'शिक्षक', तिसऱ्या जागी 'तोच शिक्षक वर्षभर' एवढं लिहा. बाकीचा कागद कोरा ठेवला तरी चालेल.

निवृत्त केंद्रप्रमुख

केळीबाग भाऊंनी थट्टेत खरं सांगितलं. जरा सविस्तर लिहितो, लांबेल.

शिक्षकाचं पद भरणं समितीच्या हातात नाही. कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक. ते काम पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाईट) आणि संचमान्यतेचं (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), तुमच्या ठरावाने फार हलत नाही. पण जो शिक्षक आहे, तो वर्गात किती तास उभा असतो, यावर तुम्ही नक्की बोलू शकता. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, हे कायद्याच्या परिशिष्टात आहे. मी इतकी वर्षं शाळा पाहिल्या, हजेरीपत्रकावर दिवस नेहमी पूर्ण भरतात. शिकवण्याचे तास मोजायचं रजिस्टर मात्र अजून कोणी छापलेलं नाही.

आता यंदाचं वर्ष बघा. जनगणना आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधले तीस दिवस आणि लोकांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. फेब्रुवारी म्हणजे दुसऱ्या सत्राचा गाभा. कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्या तीनच कामांना मुभा दिलीय, त्यामुळे याला नाही म्हणता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचंय. पन्नाशीच्या आसपासचे शिक्षक रात्री बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत बसलेत. याचा ताण वर्गात उतरणारच, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला: तुमचं खरं वर्ष जुलै ते जानेवारी एवढंच धरा. जुलै ते दिवाळी हे चार महिने सोन्याचे. या काळात मधल्या सुट्टीच्या आधी शाळेत कोणताही कार्यक्रम, दिंडी, फेरी, फोटो, प्रशिक्षणाची झूम बैठक होणार नाही, असा ठराव करा. सकाळचे दोन तास फक्त भाषा आणि गणित. आणि त्या दोन तासांत इयत्ता बाजूला ठेवून पोरांचे स्तरांप्रमाणे गट करा. अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी एकीकडे, परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी एकीकडे. 'प्रथम'ने ही पद्धत बरीच वर्षं रुजवलीय. खर्च शून्य. पाचवीतलं पोरगं तिसरीतल्यांबरोबर बसायला पहिले आठ दिवस लाजतं, मग विसरतं. दोन महिन्यांनी गट बदलायचे. मी केंद्रात असताना ज्या शाळांनी हे नेटाने केलं तिथे दिवाळीपर्यंत फरक दिसायचा, ज्यांनी फक्त फलकावर गटांची नावं लिहिली तिथे काही दिसायचं नाही.

केळीबाग

गुरुजी, ही माहिती भारी आहे पण प्रशिक्षणाला जाऊ नका म्हटल्यावर गटसाधन केंद्रातून नोटीस शिक्षकाला येणार, समितीला नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

बरोबर. म्हणूनच ठराव समितीचा हवा, शिक्षकाचा नको. शिक्षक नाही म्हणाला तर तो कामचुकार ठरतो. पालक नाही म्हणाले तर ती 'लोकभावना' होते. सरकारी खात्यात हा फरक मोठा असतो.

सातपुडा पायथा

मी धडगाव तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. दोघांत चार वर्ग, त्यातला एक जण आठवड्यातून निदान एकदा टपालाच्या कामात. तुमच्या यादीतल्या स्मार्ट टीव्हीवर हसू आलं, कारण आमच्याकडे तो आहे. वीज कमी आणि रेंज त्याहून कमी, त्यामुळे त्याच्यावर सध्या नकाशे टांगतो.

आमच्याकडचा पहिला मुद्दा वेगळाच आहे. पहिलीत येणारं पोरगं घरी पावरी बोलतं. काही पाड्यांवर भिली. त्याने मराठी ऐकलेली असते ती बाजारात आणि दवाखान्यात. त्याला आपण १५ जूनला फुगे देतो, गुलाबाचं फूल देतो, प्रवेशोत्सव करतो आणि १६ जूनपासून अनोळखी भाषेत बोलायला लागतो. मग ऑगस्टमध्ये अहवाल भरतो की मूल 'अबोल' आहे. तेच मूल बकऱ्यांच्या मागे जाताना ऐका, थांबत नाही.

२०२५ साली राज्यात पहिलीपासून हिंदीवरून केवढं रान पेटलं. १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनचा निर्णय, दोन्ही २९ जूनला मागे घेतले. ते योग्यच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत एकाही वाहिनीवर कोणी म्हणालं नाही की नंदुरबारच्या डोंगरात मराठी हीच पहिलीतल्या पोराची दुसरी भाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय. शक्य कोणी करायचं, ते लिहिलेलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. पाड्यावरची दहावी शिकलेली एक सून रोज तासभर येते. गोष्ट ती पावरीत सांगते, मग मी तीच मराठीत सांगतो, चित्रं तीच. पहिले तीन महिने पोरांनी पावरीत उत्तर दिलं तरी बरोबर धरायचं. मी स्वतः घाटाखालचा, पावरी मला तोडकीमोडकी येते आणि पोरं माझ्या उच्चारांना खो खो हसतात. त्या हसण्याने जेवढी भीती गेली तेवढी प्रवेशोत्सवाने गेली नसती. त्या सुनेला मानधन द्यायला मात्र कोणतंही लेखाशीर्ष नाही. आम्ही दोघे शिक्षक खिशातून देतो. तुमच्याकडच्या समितीने असं काही ठरावात घातलं तर मला त्याची प्रत हवीय, आमच्या समितीपुढे ठेवीन.

गिरणामाय

भाऊ, आमनाकडे बी तेच शे. मन्हा पोऱ्या घर दिनभर चिवचिव करस, शाळामा गया का तोंड शिवीसन बसस. बाई म्हणतीस याले काहीच येत नही. मी म्हनू, बाई, त्याले अहिराणीमा इचारा मंग देखा!

(आता मराठीत लिहिते.) मी भडगावकडची. अहिराणी बोललं की गावंढळ, हे आमच्याच शाळेत आमच्याच गावच्या शिक्षकांकडून ऐकलंय. शिक्षक स्वतः घरी अहिराणीच बोलतात! पावरीएवढी आमची अडचण मोठी नाही हे मान्य, मराठी आणि अहिराणी शेजारणी आहेत. पण पहिली-दुसरीतल्या पोरांना बोलतं करायला आराखड्यात एक ओळ घाला: घरच्या बोलीत बोलल्याबद्दल कोणी टोकणार नाही. याला पैसा लागत नाही.

भुसावळ लाईन

सगळे अभ्यासावर बोलताहेत, मी पाणी आणि संडासवर बोलते. कोणीतरी बोलायला पाहिजे.

आमच्याकडे जूनच्या मध्यावर पाऊस नसतो, ऊन असतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारानंतर कोण वाचणार मिनिटाला साठ शब्द? २०२५ मध्ये राज्यभर परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या तेव्हा जळगाव-भुसावळकडच्या पोरांनी कसे पेपर दिले ते आम्ही पाहिलंय. वेळापत्रक पुण्यात बसून करतात, तिथे संध्याकाळी वारा सुटतो. समितीच्या हातात जे आहे ते करा. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात मारा, खोली आतून बऱ्यापैकी निवते आणि खर्च काही हजारांच्या आत. वर्गाबाहेर माठ ठेवा. दर तासाला पाणी प्यायची घंटा द्या, नाहीतर पोरं घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाहीत.

पाणी का पीत नाहीत ते मुलींना विचारा. कारण संडासला कुलूप आहे. कुलूप का, तर घाण होतो. घाण का, तर प्राथमिक शाळेला शिपाई नाही, सफाई कामगार नाही. शेवटी किल्ली बाईंच्या पर्समध्ये. सहावी-सातवीतल्या मुली महिन्यातले ते दिवस घरीच काढतात आणि हजेरीत कारण लिहिलं जातं 'शेतीकाम'. तुमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत म्हणून हे लिहिलं, चौथीपर्यंतच्या शाळांमध्ये कोणाच्या डोक्यातही येत नाही.

ग्रामपंचायतीकडे सफाईवाला असतो. आठवड्यातून तीन दिवस तो शाळेत यावा असा ग्रामसभेचा ठराव करून घ्या. संयुक्त अनुदानातले ते दहा टक्के फिनेल, झाडू आणि नळाच्या तोट्यांवर घाला, 'स्वच्छता सप्ताहा'च्या बॅनरवर नको.

बोरीकाठ

ताई, आमच्याही शाळेत कुलूपच आहे. आज सकाळी जाऊन पाहिलं. नळाला तोटीच नाही, त्यामुळे किल्ली मिळाली असती तरी उपयोग नव्हता. हे पहिल्या तीनात जातंय.

कमानीबद्दल कळलं ते असं: गावातले एक सुरतला कापडाच्या धंद्यात असलेले गृहस्थ वडिलांच्या नावाने कमान देणार आहेत. म्हणजे तो पैसा शाळेचा नाही. त्यांना फोन करून टाकीचं विचारलं. वरच्या पाण्याच्या टाकीवर वडिलांचं नाव टाकू, रस्त्यावरून दिसेल एवढं. विचार करून सांगतो म्हणाले.

खान्देशी पुणेकर

धागा वाचून बरं वाटलं. आम्ही इथे नोकरीला असलेले आमच्या गावचे वीस-पंचवीस जण आहोत, शाळेसाठी काहीतरी करायची इच्छा आहे. टॅब द्यायचा विचार चालू होता. पहिल्या टप्प्यात दहा.

सातपुडा पायथा

दादा, टॅब कपाटात राहतील. चोरीला गेले तर वसुली मुख्याध्यापकाकडून, म्हणून कुलूप. संडाससारखंच.

निवृत्त केंद्रप्रमुख

त्याऐवजी वर्षभराचं वीजबिल भरा. अनेक शाळांचं कनेक्शन थकबाकीपायी तुटलेलं असतं. आणि गोष्टींची पातळ पुस्तकं द्या, मोठ्या अक्षरांची, एका पानावर दोन ओळी असलेली. पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काही वाचायला मिळालं नाही तर साठ शब्दांचा वेग येणार कुठून? पुस्तकं फाटली की नवी द्यायची, फाटली याचा अर्थ वाचली.

खान्देशी पुणेकर

वीजबिलाला आमच्या ग्रुपवर कोणी उत्साह दाखवणार नाही हे आधीच सांगतो, त्याचा फोटो येत नाही. पण पुस्तकांचं नक्की करू. बिलाचं मी एकटा बघतो.

कोयता गाव

साक्री तालुका, पश्चिम भाग. वडील मुकादम होते, त्यामुळे हे आतून माहीत आहे.

तुमच्या आराखड्यात स्थलांतराचं काही दिसलं नाही. पारोळा, चाळीसगावकडूनही टोळ्या जातात, तुमच्या गावात नसतील तर नशीब. आमच्याकडे दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं. ऊसतोडीला बारडोली-व्याऱ्याकडे, काही पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी बरोबर. ती पोरगी आठ-नऊ वर्षांची. शाळेत तिचं नाव असतंच, हजेरीही बऱ्याचदा असते.

सरकारी पद्धत अशी की शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण जुलैच्या आसपास. तेव्हा सगळी पोरं गावातच असतात! सापडणार कोण? आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव हलतो तो टोळ्या निघून गेल्यावर. अहो, कोण जाणार ते ऑगस्टमध्येच कळतं. मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो ती पावसाळ्यात. कोणी उचल घेतली हे अख्ख्या गावाला माहीत असतं, फक्त शाळेच्या रजिस्टरला माहीत नसतं. समितीतले पालकच हे सांगू शकतात, शिक्षक बाहेरगावचे असतात.

म्हणून माझा मुद्दा: पोळ्याच्या आधी उचल घेतलेल्या घरांची यादी, त्यातली शाळेच्या वयाची पोरं, कोणाची आजी किंवा काकू गावात राहणार ते टिपा, आणि त्या यादीवर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरमध्येच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोरगं आजीपाशी गावात राहिलं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळालं, एवढंच तर लागतं. जे जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) द्या, पण गुजरातेत ते कार्ड कोणी बघत नाही आणि शाळा गुजराती. परत येतात ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, तेव्हा इकडे शाळा सुट्टीच्या बेतात. त्यांच्यासाठी १५ जूननंतरचे दीड महिने वेगळा वर्ग घ्या. ही पोरं ढ नाहीत, पाच महिने वर्गातच नव्हती.

बोरीकाठ

हे वाचून आमच्या वस्तीवरची चार-पाच घरं लगेच डोळ्यापुढे आली. आणि ऊसच कशाला, कपाशी वेचणीच्या वेळी दिवाळीनंतर आमच्या वर्गातले मागचे बाक रिकामे असतात. ते तर गावातल्या गावात.

पांझरा

धुळ्याहून. एक मुद्दा सगळ्यांच्या आधी घ्या, पावसाच्या आधी घ्या. वर्गखोल्या.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला सरकारी शाळेचं छत पडून सात मुलं गेली. आपल्याकडेही जुन्या खोल्या गळतात, भिंतींना चिरा असतात, आणि त्याच खोलीत पहिलीचा वर्ग, कारण लहान पोरं थोड्या जागेत मावतात. धोकादायक खोली पाडायची तर निर्लेखन, म्हणजे ती कागदोपत्री वापरातून काढणं, लागतं. प्रस्ताव, अभियंत्याचा पाहणी अहवाल, मंजुरी, मग साहित्याचा लिलाव. यात दोन पावसाळे सहज जातात. समितीने एवढं तरी करावं: चिरा पडलेल्या खोलीला आजच कुलूप, दारावर लाल रंगाने फुली, आणि अभियंत्याला लेखी पत्र, पोच घेऊन. संडासचं कुलूप काढा आणि ते इकडे लावा.

भुसावळ लाईन

शेवटचं वाक्य एकदम पटलं.

चूल आणि चमचा

मी शाळेत खिचडी शिजवते, स्वयंपाकी तथा मदतनीस. माझं पण ऐका. कागदावर पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. २०२४ पासून पाककृत्यांची नवी यादी आली, कडधान्याची उसळ, खीर, काय काय. खीर करायला साखरेचे पैसे लोकवर्गणीतून काढा म्हणतात. लोकवर्गणी म्हणजे मास्तरांचा खिसा. पावसाळ्यात तांदळाची गोणी ओलीला लागते, तर भिंतीपासून लांब लाकडी फळीवर ठेवायची सोय करा. आणि समितीतल्या बायांनी आठवड्यातून एकदा येऊन जेवून बघावं. आधी सांगून येऊ नका.

केळीबाग

चला, जेवण झालं, संडास झाला, छत झालं. आता माझा प्रश्न. एवढं सगळं केल्यावर पोराला इंग्रजी येईल का? पालक गाडीत बसवतो तो त्याच्यासाठी. तुम्ही कितीही चांगली कारणं सांगा.

निवृत्त केंद्रप्रमुख

रास्त प्रश्न. इंग्रजी पहिलीपासून आहेच आणि बऱ्याच जि. प. शाळांत सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) चालतं. पण मराठीत परिच्छेद न वाचणाऱ्या पोराला सेमीचं गणित दिलं की दोन्ही जातात, हे तुमच्या पिवळ्या गाडीतल्या शाळेतही खरं आहे. तुमच्या धाकट्याला आज घरी मराठी वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला लावा, रागावू नका.

दुसरं, शिष्यवृत्ती परीक्षा आता परत चौथी आणि सातवीला आलीय. मध्यंतरी पाचवी-आठवीला नेली होती, तेव्हा चौथीपर्यंतच्या गावशाळांच्या हातून ती गेलीच. आता गावातली शाळा निकाल दाखवू शकते. पालक परत आणायचे तर कमानीपेक्षा शिष्यवृत्तीच्या यादीतली दोन नावं जास्त कामाची. मात्र त्या पाच हुशार पोरांच्या मागे लागून बाकीचा वर्ग वाऱ्यावर सोडणाऱ्या शाळाही मी पाहिल्यात, तेही सांगून ठेवतो.

केळीबाग

धाकटी आहे. वाचायला लावलं. दोन ओळींनंतर म्हणाली, पप्पा हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही. पुढे काही बोलत नाही.

बोरीकाठ

सगळ्यांचं वाचून मी यादी फिरवली. पावसाआधी: एका खोलीला कुलूप आणि पत्र, संडासाला पाणी आणि तोट्या, पत्र्याला चुना. जुलै ते दिवाळी: सकाळचे दोन तास स्तरांप्रमाणे गट, त्या वेळेत कार्यक्रम बंद. पोळ्याआधी: उचल घेतलेल्या आणि वेचणीला जाणाऱ्या घरांची यादी. बोलीचा मुद्दा ठरावातच घालतोय, गिरणामायचं वाक्य जसंच्या तसं. सीसीटीव्ही राहू दे, बदलापूरच्या घटनेनंतर त्याचे आदेश आहेत आणि ते बरोबरही आहेत, पण सखी सावित्री समितीतल्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) बायकांची नावं आमच्या शाळेत कोणालाच माहीत नाहीत, ती फलकावर लिहून घेणार. टीव्ही आणि पेव्हर ब्लॉक खाली ढकलले.

आणि एक: पहिल्या बैठकीतच तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक पोराने पालकांसमोर एक परिच्छेद वाचायचा, असं मला वाटतंय. गुरुजी, हे बरोबर आहे का?

निवृत्त केंद्रप्रमुख

नाही. गावासमोर अडखळलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही, आणि त्याचा बाप घरी जाऊन त्याला बडवेल. शिक्षक आणि दोन सदस्य बाजूला बसून एकेकाला वाचायला लावा, पाच-सहा मिनिटांचं काम. बैठकीत फक्त आकडे मांडा, नावं नाहीत: अक्षरावर इतके, शब्दावर इतके, गोष्टीवर इतके. हेच दिवाळीत आणि फेब्रुवारीच्या आधी परत. ज्याचं पोर त्यालाच त्याचा निकाल.

ठराव लिहिताना सूचक आणि अनुमोदक दोन्ही पालक ठेवा, त्यातली एक बाई. इतिवृत्ताची प्रत केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच) पोच घेऊन द्या.

गिरणामाय

बैठकीची वेळ काय ठेवलीय? दुपारी असेल तर निम्म्या महिला सदस्य कागदावरच राहतील. जूनमध्ये कपाशीची लागवड असते, बाया संध्याकाळपर्यंत शेतात.

बोरीकाठ

दुपारी दोनची होती. आता रात्री आठ, शाळेच्या ओट्यावर. मुख्याध्यापक तालुक्याला राहतात, त्यांची त्या रात्री माझ्याकडे मुक्कामाची सोय केलीय. आढेवेढे घेतले नाहीत.

केळीबाग

एक विचारतो. या समितीवर यायचं तर पोर त्याच शाळेत असावं लागतं का?

निवृत्त केंद्रप्रमुख

पालक सदस्य व्हायचं तर हो. आणि मुलगी इथे घालायचीच असेल तर ३० सप्टेंबरच्या आत घाला. संचमान्यतेला त्या तारखेचा पट धरतात. कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला साठाच्या वर पट गेला की तिसरा शिक्षक आहे, संचमान्यतेचा सध्याचा निकष मात्र विचारून घ्या. तुमच्या गावातल्या शाळेचा पट किती आहे ते आधी विचारा.

केळीबाग

विचारलं. अठ्ठावन्न म्हणतात. धाकटीचं बघतो. तिच्या आईशी बोलावं लागेल, आणि गाडीवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ देऊन बसलोय.